कवच आणि ओठ

साहित्यसमीक्षेत ‘जीवाश्म’ हा शब्द बहुधा निंदेसाठी येतो. एखादी शैली गोठली की तिला जीवाश्म म्हणून आपण मोकळे होतो. तिच्यात जाणून घेण्याजोगे काही उरलेले नाही, असा त्यामागचा समज. ट्रायलोबाइट या प्राण्यांचा अभ्यास हा समज फार काळ टिकू देत नाही, असे आम्हांस वाटते.

ट्रायलोबाइट हे समुद्रात राहणारे संधिपाद प्राणी. सुमारे २७ कोटी वर्षे ते नांदले आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. त्यांच्या २०,००० हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. पण वर्णन झाले ते मुख्यतः पाठीवरच्या कॅल्साइटच्या कवचाचे. त्यातही पुष्कळदा हाती आली ती वाढताना टाकलेली कात. पाय, शृंगिका, आतडे यांचे अवशेष मोजक्याच जातींत सापडतात.

न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावाजवळ खडकाचा एक पातळ थर आहे. येल विद्यापीठाचे चार्ल्स बीचर यांनी १८९३ पासून तेथे उत्खनन केले. अचानक आलेल्या गाळाखाली प्राणी गाडले गेले, आणि कुजण्याच्या क्रियेतूनच त्यांच्या पायांवर व शृंगिकांवर पायराइट साचले. मोरोक्कोतील ट्रायलोबाइट ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. त्यांवरील संशोधन २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. ५० कोटी वर्षांहून जुन्या या जीवाश्मांत तोंडाजवळचा लेब्रम, म्हणजे वरच्या ओठासारखा मांसल भाग, ट्रायलोबाइटमध्ये प्रथमच दिसला. त्याला आधार देणारे कठीण पट्ट मात्र पूर्वीपासून ठाऊक होते.

आमचा मुद्दा येथे आहे. वाङ्मयेतिहासही असाच कवचांवरून लिहिला जातो. शिलालेखात, ताम्रपटात, पोथीत जे उतरले ते टिकले. जात्यावर गायिले गेले, ओट्यावर सांगितले गेले, त्यातले फारच थोडे कोणी उतरवून घेतले. तरीही वर्गात आपण ‘त्या काळी अमुक प्रकारचे वाङ्मय नव्हते’ असे निःशंकपणे शिकवतो. ‘ते आपल्यापर्यंत आलेले नाही’ हे वाक्य अधिक प्रामाणिक ठरेल.

यावर कोणी म्हणेल, मग हवे ते कल्पावे काय? मुळीच नाही. ट्रायलोबाइटला लेब्रम असावा, हा तर्क इतर संधिपादांच्या शरीररचनेवर उभा होता, आणि पुरावा हाती येईपर्यंत तो तर्कच राहिला. शिवाय गाळाने वा राखेने राखलेले काही प्राणी म्हणजे सारे ट्रायलोबाइट नव्हेत. तसेच योगायोगाने वाचलेले एक बाड म्हणजे सारा काळ नव्हे. तर्काला तर्क आणि पुराव्याला पुरावा म्हणण्याची ही शिस्त आमच्या इतिहासलेखकांनी अवश्य उचलावी. कवच पाहून प्राण्याला ओठच नव्हते, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.