अर्धा किलो बारा-एकसष्ट

शहरांतल्या मोठ्या सोसायट्यांच्या तरण तलावांसाठी हल्ली ‘फॉस्फेट रिमूव्हर’ची बाटली मिळते. बहुधा लँथॅनमचा क्षार असतो तो. पाण्यातले, शेवाळाला पोसणारे फॉस्फेट धरतो आणि गाळ होऊन खाली बसतो. बाटली स्वस्त नसते. खरे तर क्लोरीनची मात्रा रोज नीट सांभाळली तर तिच्यावाचून फारसे अडत नाही, कारण शेवाळाने मूळ धरण्याआधीच क्लोरीन त्याचा निकाल लावते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याचा तलाव हिरवागार झाला, तेव्हा आयोजकांनीच सांगितले की त्यात 80 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पडले होते आणि त्याने क्लोरीन निकामी झाले.

फॉस्फेटची काळजी करायचीच तर ती बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याच्या शिवारात करावी. तिथे क्लोरीनने भागत नाही, आणि तलावाला तलाव नव्हे, शेततळे म्हणतात.

रिओचे पाणी हिरवे झाले त्याच वर्षी आपल्याकडे ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तिच्यातले मोठ्यात मोठे तळे 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. म्हणजे 20-22 लाख लिटर पाणी. बीडसारख्या जिल्ह्यात पावसाळ्यात विहीर उपसून पन्नीच्या तळ्यात भरून ठेवलेले हे पाणी म्हणजे उन्हाळ्यातल्या मोसंबीचा जीव. आणि नेमके मार्च-एप्रिलात ते हिरवे पडते. फिल्टरची जाळी बाहेर काढून झटकली की पालकाच्या भाजीसारखा लगदा हातावर येतो. ड्रीपर चोंदतात, ओळीच्या शेवटची झाडे तहानलेली राहतात. पन्नीवर बुळबुळीत थर चढतो तो वेगळाच. पोहायला उतरलेल्या पोराचा पाय त्यावर ठरत नाही. काठाला गाठी मारलेला दोर बांधलेला नसेल तर वर येणे अवघड.

यावर गावोगावचा उपाय ठरलेला: मोरचूद पोत्यात बांधायचे आणि तळ्यात सोडायचे. आठवडाभर पाणी निवळते, मालक खूश. पण मेलेले शेवाळ कुठे जाते? तळाशी बसते, कुजते, आणि खाल्लेले फॉस्फेटमधले स्फुरद पुन्हा पाण्यात सोडते. पुढची हिरवळ त्याच्यावरच पोसते. शिवाय आपले पाणी जड. त्यात मोरचुदातले तांबे लवकरच साक्याबरोबर खाली बसते, म्हणून पुन्हा पोते, पुन्हा खर्च. मासे सोडले असतील तर तेही जिवाला मुकण्याची भीती.

शेवाळाला खायला घालते कोण? 1973 साली कॅनडात एका तळ्याच्या मध्ये पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नत्र घातले, एकातच वर स्फुरदही घातले. तोच भाग हिरवा झाला. आपल्या तळ्याला हे लावून पाहा. ड्रिपमधून सोडायच्या बारा-एकसष्ट खतात शुद्ध स्फुरद धरले तर पाव हिश्श्याहून थोडे जास्त असते. अर्धा किलो खत 20-22 लाख लिटरांत गेले, की दर लिटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आसपास स्फुरद होते. तळे हिरवे व्हायला तेवढे पुरते. आणि अर्धा किलो म्हणजे किती, तर पोत्याच्या कोपऱ्यात चिकटून राहते तेवढे.

ते तळ्यात जाते कसे, हे बांधावर अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. खत कालवलेली बादली तळ्याच्याच काठावर विसळतात. रिकामे पोते तिथेच झटकतात. खत चालू असताना लाइट जाते, मोटार थांबते, आणि फुटव्हॉल्व्ह गळका असला तर पाइपातले खताचे पाणी उलटे तळ्यात येते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला तर हे थांबते, पण तो ‘नंतर बघू’च्या यादीत असतो. बगळ्यांची विष्ठा, वाऱ्याने येणारा पाचोळा आहेच. त्याला इलाज थोडा. बादलीला मात्र आहे.

सरकारी कागदावर तळ्याची लांबी, रुंदी, खोली असते, काठावर उभ्या लाभार्थ्याचा फोटो असतो. पाण्याची नेहमीची तपासणी केली तर सामू कळतो, क्षार कळतात. स्फुरदाचा रकाना सहसा नसतो, कारण ते पिकाला अपायकारक नाही. पिकाला नाहीच. पण अनुदान देणाऱ्या खात्याने तळ्याबरोबर एक व्हॉल्व्ह सक्तीचा केला असता, तर तो ठिबकच्या एकूण खर्चात दिसलाही नसता.

हिरव्या झालेल्या तळ्याला तुरटी उपयोगी पडते. ती स्फुरद धरून खाली बसवते. मात्र वरून बादल्या विसळणे चालूच असेल तर तुरटी कितीदा टाकणार? त्यापेक्षा बादली उचलून दहा पावलांवरच्या मोसंबीच्या आळ्यात विसळावी. खत त्या झाडासाठीच तर आणलेले असते.