प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांमधील भिंत

ऑक्टोबर २०२३मध्ये ‘नेक्सकार१९’ या पहिल्या स्वदेशी कार-टी उपचारास केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्यांना रक्ताच्या कर्करोगाशी लढवणारे हे तंत्र आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून घडवले. परदेशात कोटींत जाणारा खर्च लाखांत आला. हे यश जितके बुद्धीचे, तितकेच सान्निध्याचे.

परंतु महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेशात वैद्यकीय महाविद्यालये स्वतंत्र आरोग्य विद्यापीठांकडे, तर मूलभूत विज्ञानाचे विभाग इतर विद्यापीठांत. भौतिकशास्त्रातील पीएच.डी.च्या काळात मला रुग्णालयाची पायरी एकदाही चढावी लागली नाही. नव्या निधीइतकीच संयुक्त मार्गदर्शकांची आणि रुग्णालयातील एका सत्राची गरज आहे. विद्यार्थ्यांनो, ही मागणी आपल्या विभागात आवर्जून मांडा.