स्वरावरचा इवलासा स्वर

गाणे शिकणाऱ्या मुलाची वही उघडून पाहा. एखाद्या 'ध'च्या डोक्यावर, डाव्या बाजूला, बारीक अक्षरात 'नि' लिहिलेला दिसेल. पुष्कळ मुले तो सोडून देतात, नाहीतर त्यालाही एक मात्रा देऊन मोकळी होतात. सोडून दिला तर रागाचा चेहरा बदलतो, मात्रा दिली तर ताल मोडतो.

हा कणस्वर. त्याला स्वतःची मात्रा नसते. मुख्य स्वराच्या वेळातच तो निसटता स्पर्श करून जातो. मुख्य स्वराच्या आधी आला तर पूर्वलग्न कण, नंतर आला तर अनुलग्न. हमीर रागातला धैवत निषादाचा कण घेऊन येतो. भीमपलासीत कोमल गंधाराला मध्यमाचा आणि कोमल निषादाला षड्जाचा कण लागतो. हे कण गाळून तेच स्वर सरळ म्हटले, तर सूर बरोबर असूनही राग परका वाटतो.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलिपीत अशा आणखीही खुणा आहेत.

खटका : स्वर कंसात असतो. (सा) म्हणजे रे सा नि सा हे चार स्वर एका 'सा'च्या वेळात, झटक्याने.

मुरकी : मुख्य स्वराच्या डोक्यावर दोन बारीक स्वर. 'सा'वर 'रे नि' असेल, तर रे नि सा असे हळुवार वळण घ्यायचे. ठुमरीत आणि नाट्यगीतात मुरकी विशेष खुलते.

मींड : दोन स्वरांवर काढलेली कमान. आवाज न तोडता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे. पेटीवर मींड निघत नाही. म्हणून केवळ पेटीच्या आधाराने शिकणाऱ्यांनी कमान दिसली की पेटी थांबवून ती जागा गळ्यातून काढावी.

सराव करताना आधी हातावर ताल धरून फक्त मुख्य स्वर म्हणावेत. ते पक्के झाले की कण मिसळावेत. कण मिसळल्यावर टाळी पुढेमागे झाली, तर कण लांबला असे समजावे.

कोणता स्वर लावायचा, हे कागद सांगतो. तो किती लावायचा, हे मात्र गुरूच्या गळ्यातूनच कळते. तेव्हा वहीतल्या प्रत्येक बारीक अक्षरापाशी मुलाने थांबावे आणि गुरुजींना ती जागा पुन्हा गाऊन दाखवायला सांगावे.