माळ्यावरचा व्हिडिओ गेम : विकावा की ठेवावा?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांत माळ्यावर वर्षानुवर्षे जपलेला व्हिडिओ गेम विकायचा की ठेवायचा, या प्रश्नाला पहिल्यांदा हात घालायचा तो पेचकसाने. आत नेमके काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याची किंमतही कळत नाही आणि मोलही.

निन्टेन्डो कंपनीने जपानमध्ये फॅमिकॉम हा संच १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणला. भारतात नव्वदच्या दशकात जे यंत्र घराघरांत पोचले ते बहुतांशी या फॅमिकॉमची नक्कल होते. मायक्रो जीनियस, मीडियाचा लिटल मास्टर, टर्मिनेटर ही त्यांतली ओळखीची नावे. निन्टेन्डोचा अस्सल संच ‘सामुराई’ या नावाखाली विकला गेला, पण तो परवडणारी घरे थोडी. वीज केंद्राचे ऊर्जानगर, बल्लारपूरची पेपर मिल, भद्रावतीची आयुध निर्माणी, वेकोलिच्या कोळसा खाणी अशा ठरलेल्या तारखेला पगार होणाऱ्या वसाहतींत नकलेचे डबे आधी यावेत हे साहजिकच होते. आज माळ्यावर सापडतात तेही बहुधा हेच.

अस्सल कोणता आणि नक्कल कोणती, हे कॅसेटवरून लगेच ओळखता येते. सामुराईच्या कॅसेटला ७२ पट्ट्यांचा जोड असतो, तर फॅमिकॉम आणि त्याच्या नकलांना ६० पट्ट्यांचा. नकलेतही दोन जाती आहेत. सुरुवातीच्या डब्यांत हिरव्या पाटीवर चाळीस-चाळीस पायांच्या दोन लांब चिप बसवलेल्या दिसतात. नंतरच्या स्वस्त डब्यांत चिप दिसतच नाही, दिसतो तो डांबराच्या थेंबासारखा एक काळा टिपका. सगळे यंत्र त्या टिपक्याखाली असते आणि ते बिघडले की दुरुस्तीला वाव नाही. दोन चिपांच्या डब्याला जाणकार संग्राहक अजून विचारतो. टिपक्याच्या डब्याला बाजारात फारशी मागणी नाही, त्यावर ‘९९९९९९ इन १’ची कॅसेट मोफत दिली तरी. त्या कॅसेटमध्ये खरे खेळ काही डझनच असतात आणि तेच नावे बदलून पुन्हापुन्हा येतात.

इथे परदेशातल्या विक्रीच्या बातम्या दिशाभूल करतात. २०२१च्या ऑगस्टमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स या खेळाची एक प्रत २० लाख डॉलरला विकली गेली हे खरे आहे. पण ती कधीच न उघडलेली, कारखान्याच्या वेष्टनातली अस्सल प्रत होती. पाच भावंडांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत झिजवलेल्या कॅसेटशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

मग उरतो तो स्थितीचा प्रश्न, आणि या दोन जिल्ह्यांत तोच सगळ्यांत जड आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखालचा माळा त्याहून तापतो. पांढरे-करडे प्लास्टिक पिवळे पडते. ते आग धरू नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमिनयुक्त द्रव्ये ऊन आणि उष्णता यांनी बदलत जातात. कपॅसिटरमधला द्रव सुकतो किंवा गळून पाटी खातो. पुढे पावसाळा. इरई नदीचे पाणी चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरते, पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो. घरात पाणी शिरले नाही तरी हवेतली ओल कॅसेटच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढवते. कॅसेट लागली नाही की तोंडाने फुंकर मारायची, ही त्या पिढीची सार्वत्रिक दुरुस्तीही गंजालाच हातभार लावत होती. फुंकरीबरोबर ओल आत जाते आणि निन्टेन्डोने स्वतःच ती न मारण्याची सूचना दिली होती. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसल्या की बऱ्याच ‘मेलेल्या’ कॅसेट पुन्हा चालतात. विकायचे असो वा ठेवायचे, ही सफाई आधी व्हावी.

एक गोष्ट मात्र विकण्याआधी दहादा विचार करावा अशी आहे, ती म्हणजे खेळाची बंदूक आणि तिच्यासोबतचा जुना डबा टीव्ही. डक हंट या बदकांच्या शिकारीच्या खेळात चाप ओढला की पडदा निमिषभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन टिपतो. गोळी बंदुकीतून सुटत नाही, उजेड टीव्हीतून बंदुकीत येतो. हे सारे चित्रनळीच्या वेगावर बेतलेले आहे. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून तिथे एकही बदक पडत नाही. टीव्ही भंगारात गेला की बंदूक निव्वळ प्लास्टिक उरते. चालू स्थितीतली ही जोडी दुर्मीळ होत चालली आहे आणि काचेची जड नळी विकण्यासाठी बसच्या टपावरून नागपूरला धड पोचेल याची खात्री नाही. ही जोडी फोडू नये.

सामान्य घरातल्या सामान्य वस्तू कुणी कशाला जपाव्यात, या शंकेला महाराष्ट्रात एक भक्कम उत्तर आहे. दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास अडकित्ते, दिवे, कुलपे, स्वयंपाकघरातली भांडी असे लोकांनी अडगळ ठरवलेले जमवायला सुरुवात केली. १९७५ साली त्यांनी हा सगळा संग्रह राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. नव्वदच्या दशकातल्या मुलांचे घरगुती जीवन उद्या दाखवायचे ठरले तर लिटल मास्टरचा डबा तिथे शोभेल, आणि तो अस्सल नव्हता ही गोष्टच त्या काळाबद्दल सर्वाधिक सांगेल.

कायद्याची बाजूही लक्षात असावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार विनापरवाना प्रती विकणे हे हक्कभंगात मोडते. त्यामुळे नकली कॅसेटींचा व्यापार मांडणे योग्य नव्हे. पूर्ण बिघडलेले संच ई-कचऱ्यात येतात. ते कचराकुंडीत किंवा चुलीत न टाकता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावेत.

तेव्हा निवाडा असा. अस्सल संच खोक्यासह असेल आणि घरात कुणी खेळत नसेल, तर तो विकावा. माळ्यावर तो दरसाल खराबच होणार आहे. टिपक्याचा चालू डबा नात्यातल्या मुलांना खेळायला द्यावा. दोन चिपांचा डबा आणि टीव्हीसह बंदूक ठेवावी, पण माळ्यावर नव्हे, खालच्या खोलीतल्या कपाटात. जे जाईल आणि जे राहील त्या प्रत्येकासोबत ते कोणत्या दुकानातून, कोणत्या साली, कितीला घेतले आणि कोण खेळले हे कागदावर लिहून द्यावे. ही माहिती सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत. मृग लागण्याआधी माळा उघडावा आणि त्यांना शेजारी बसवून हे काम उरकावे.