गणांचा प्रस्तार आणि नातीचा प्रोग्राम

मुदत ठेवींवरील करकपातीच्या मागील लेखासंबंधी बऱ्याच वाचकांनी दूरध्वनीवरून शंका विचारल्या. त्यांची उत्तरे पुढील अंकी सविस्तर देईन. या वेळी विषय थोडा निराळा आहे, आणि मी त्यातील जाणकार नाही हे आरंभीच सांगून टाकतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने संगणकाच्या प्रोग्रामविषयी लिहावे, हे धाडसच. पण ज्या गोष्टीमुळे हे घडले ती आपल्यापैकी अनेक घरांत घडत असेल.

माझी नात मुलुंडला राहते व संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या प्रशिक्षणार्थी निवडीसाठी तिने ऑनलाइन चाचणी दिली आणि पहिल्याच प्रश्नात ती अडकली. प्रश्न दिसायला सोपा होता : शून्य आणि एक हे दोनच अंक वापरून दिलेल्या लांबीच्या सर्व ओळी तयार करा; अट एवढीच की, कोणत्याही ओळीत दोन एक शेजारी शेजारी येता कामा नयेत. तिचा प्रोग्राम चार जागांसाठी चालला, दहा जागांसाठीही चालला. तीस जागा दिल्यावर मात्र ठरलेली वेळ संपेपर्यंत तो फिरतच राहिला, आणि चाचणी तिथेच संपली. घरी जावईबापू सहज म्हणाले, "नाही जमत तर दुकान आहेच की, बिलिंग सांभाळ." त्यांचे स्टीलच्या भांड्यांचे दुकान चांगले चालते आणि बोलण्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. पण पोरीने ते मनाला लावून घेतले. रविवारी सकाळी ती आमच्या घाटकोपरच्या घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीची चाचणी होती आणि ती देऊच नये असे तिच्या मनात होते.

मी तिला म्हटले, "तू नेमके काय केलेस ते मला कारकुनाला सांगावे तसे सांग."

तिने सांगितले. आधी सगळ्या ओळी तयार करायच्या, मग एकेक ओळ तपासायची आणि अट मोडणारी टाकून द्यायची. मी कागदावर आकडे मांडले. तीस जागा, प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणजे एकूण १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ ओळी. त्यांपैकी अटीत बसणाऱ्या फक्त २१ लाख ७८ हजार ३०९. म्हणजे एका ग्राह्य ओळीसाठी सुमारे ४९२ ओळी लिहून फेकायच्या! पहिल्याच दोन जागी एक-एक आले की ती ओळ बाद झाली, हे तिथल्या तिथे कळते. तरीही तिचा प्रोग्राम पुढच्या अठ्ठावीस जागा सर्व प्रकारांनी भरत बसत होता, आणि त्या एका चुकीपोटी २६ कोटी ८४ लाखांवर ओळी वाया जात होत्या. अर्जावर खातेदाराची सहीच नाही हे पहिल्या पानावर दिसत असताना उरलेली सगळी पाने टंकलिखित करून, नोंदवून, शेवटी "सही नाही" म्हणून अर्ज परत करणारा कारकून मी पाहिला आहे. त्याला कामचुकार म्हणता येत नाही, उलट तो फार राबतो.

इतके बोलणे होईपर्यंत देवघरातून हिचे भक्तामर स्तोत्र ऐकू येऊ लागले, आणि मला शाळेतले गण आठवले.

ज्यांचे व्याकरण मागे पडले असेल त्यांच्यासाठी दोन वाक्ये. अक्षर ऱ्हस्व असेल तर ते लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ असेल किंवा पुढे जोडाक्षराचा आघात येत असेल तर ते गुरू, त्याच्या दोन मात्रा. तीन तीन अक्षरांचा एक गण. 'भक्तामर' या शब्दाचीच पहिली तीन अक्षरे घ्या : 'भ' आघातामुळे गुरू, 'क्ता' गुरू, 'म' लघू, झाला त गण. लघू-गुरूच्या तीन जागा आठच प्रकारांनी भरता येतात, म्हणून गण आठ. पिंगलाच्या छंदशास्त्रात ते ज्या क्रमाने येतात तो क्रम म, य, र, स, त, ज, भ, न असा आहे आणि तो मनास येईल तसा लावलेला नाही. सर्व गुरूंपासून आरंभ करायचा. पुढची ओळ लिहिताना डावीकडून पहिला गुरू शोधून त्याखाली लघू लिहायचा, त्याच्या उजवीकडचे वरच्याप्रमाणे उतरवायचे, डावीकडे सर्व गुरू भरायचे. सर्व लघू झाले की थांबायचे. याला प्रस्तार म्हणतात. एकही ओळ सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. नात म्हणाली, "आजोबा, हा तर प्रोग्रामच आहे!"

पण तिच्या प्रश्नात अट होती, प्रस्तारात नाही. अट असलेला प्रस्तार मात्रावृत्तांत सापडतो. तिथे अक्षरे किती हे ठरलेले नसते, मात्रांची बेरीज ठरलेली असते. चार मात्रा भरायच्या तर गुरू-गुरू, लघू-लघू-गुरू, लघू-गुरू-लघू, गुरू-लघू-लघू आणि चार लघू, असे पाच प्रकार. पाच मात्रांचे आठ, सहा मात्रांचे तेरा. हे आकडे कसे येतात याचा नियम आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० च्या सुमारास 'छंदोनुशासन' या ग्रंथात दिला आहे : लगतच्या मागील दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढील संख्या. कारण शेवटचे अक्षर एक तर लघू असते किंवा गुरू. लघू असेल तर ते झाकून पाहा, मागे एक मात्रा कमी असलेला तोच प्रश्न उरतो. गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेला तोच प्रश्न उरतो. युरोपात ही संख्यामाला फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते आणि त्याचा ग्रंथ १२०२ चा आहे. हेमचंद्रांच्याही काही शतके आधी विरहांक नावाच्या छंदशास्त्रकाराने हा नियम सांगितलेला आहे, तेव्हा "आमचेच पहिले" या वादात कोणी कोणाचे नाव पुढे करायचे हा प्रश्नच आहे. मला त्या वादापेक्षा 'तोच प्रश्न, थोडा लहान' ही विचाराची रीत अधिक मोलाची वाटते. संगणकवाले तिला रिकर्शन म्हणतात.

प्रसंगोपात्त एक नोंद. छंदोनुशासनाची संशोधित आवृत्ती १९६१ साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने सिंघी जैन ग्रंथमालेत काढली. तिचे संपादक प्रा. हरी दामोदर वेलणकर, विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवलेले गृहस्थ. जैन ग्रंथांची वर्णानुक्रमी सूची असलेला 'जिनरत्नकोश' (१९४४, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, पुणे) हाही त्यांचाच. आपल्या घरांतून या मराठी पंडिताचे नाव क्वचितच घेतले जाते, ते घेतले जावे असे वाटते.

आता नातीचा प्रश्न. ओळीत एक आला की त्यापुढे शून्य यायलाच हवे. म्हणजे 'एक-शून्य' ही जोडी दोन मात्रांचा गुरू आणि सुटे शून्य हा एक मात्रेचा लघू. ओळ एकने संपत असेल तर अडचण नको, म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शून्य जादा लावून ठेवायचे. तीस जागांचा तिचा प्रश्न म्हणजे एकतीस मात्रांचा प्रस्तार! तिने ते चार जागांवर पडताळून पाहिले. आठ ओळी आल्या, पाच मात्रांचे प्रकारही आठच. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग परतला.

तिने नवा प्रोग्राम लिहिला. एकच फंक्शन : मागचा अंक एक असेल तर शून्यच लिही, शून्य असेल तर आधी शून्य लिहून पुढचे काम स्वतःलाच सांग, ते आटोपून परत आल्यावर एक लिहून पुन्हा सांग. जागा संपल्या की ओळ छाप. बाद होणारी एकही ओळ इथे जन्माला येत नाही.

हे जमले खरे, पण या प्रश्नात कुठे रस्ता बंद होत नाही. पुढच्या चाचणीत बंद रस्ते येणारच, म्हणून मी तिला दुसरे उदाहरण घातले. 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र आपण घोकले आहे. त्यातील कोणतीही सलग तीन अक्षरे घ्या, पहिल्या अक्षराच्या नावाचा गण मिळतो : यमाता म्हणजे य, मातारा म्हणजे म. दहा अक्षरांत आठही गण, प्रत्येक एकदाच. मी म्हटले, "असे सूत्र तू नव्याने तयार कर. न गणापासून आरंभ कर आणि दर वेळी लघू आधी लावून पाहा."

आम्ही दोघांनी ते कागदावर केले. न म्हणजे ल-ल-ल. पुढे लघू लावला तर पुन्हा न येतो, चालत नाही. गुरू लावला, स आला. मग लघू, ज आला. मग लघू, भ आला. ओळ झाली ललल-गलल. आता शेवटी दोन लघू आहेत, त्यापुढे लघू लावला तर न, गुरू लावला तर स, आणि दोन्ही वापरून झालेले. रस्ता बंद. इथे सगळा कागद फाडायचा नाही. शेवटचा लघू फक्त खोडायचा, भ हा गण 'वापरलेले' या यादीतून काढायचा आणि त्या जागी गुरू लावायचा. र आला. पुढे य, त, भ असे सात गण लागले आणि पुन्हा अडलो : म तेवढा राहून गेला होता. भ खोडला, त्या जागी गुरू लावावा तर र येतो, तोही झालेला. आणखी एक पाऊल मागे, त खोडला. य च्या पुढे त ऐवजी म लावला, मग त, मग भ. न-स-ज-र-य-म-त-भ. आठ गण, दहा अक्षरे. यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात.

मला आमच्या अंधेरीच्या शाखेतले दिवस आठवले. नव्याने लागलो तेव्हा खतावणीची बाकी जुळेना की मी पहिल्या पानापासून सगळ्या बेरजा पुन्हा मारीत असे; रात्रीची शेवटची लोकल गाठायची मारामार होई. आमचे हेडक्लार्क एके संध्याकाळी माझ्या हातून पेन्सिल काढून घेऊन म्हणाले, "अहो, शेवटचे जुळलेले पान कोणते? तिथवरच मागे जा." जुळलेल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक खूण करण्याची सवय मला त्या दिवसापासून लागली.

दुपारी जेवणानंतर नातीने गणांचा प्रोग्राम संगणकावर चालवला आणि पडद्यावर काहीच आले नाही. कोरा पडदा. तिचा धीर पुन्हा सुटू लागला. मी तिला विचारले, "खोडलेस, पण यादीतून नाव काढलेस का?" तिने अक्षर मागे घेतले होते, पण गण 'वापरलेला' म्हणून तसाच राहिला होता. पहिल्या बंद रस्त्यावरचा भ कायमचा अडकला, त्यामागे बाकीचेही. चुकीची नोंद उलटवताना एका खात्यात उलटवली आणि दुसऱ्यात विसरली, तर ताळेबंद जुळेल कसा? दोन्ही बाजू उलटवाव्या लागतात. एक ओळ वाढवल्यावर उत्तरे आली. न पासून सुरू होणारी सूत्रे दोनच : एक आमचे न-स-ज-र-य-म-त-भ, आणि दुसरे न-स-य-म-त-र-ज-भ. दुसरे नीट पाहा; ते शाळेतलेच 'यमाताराजभानस', फक्त आरंभ वेगळ्या ठिकाणी. कोठूनही आरंभ केला तर एकूण सोळा.

हिने स्वयंपाकघरातून विचारले, "मग माझ्या भक्तामराचा नंबर कितवा?" भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे : त, भ, ज, ज आणि दोन गुरू, चौदा अक्षरे. चौदा अक्षरांचे प्रकार १६,३८४. एवढा प्रस्तार मांडण्याची गरज नाही. अक्षरांवर एकापासून दुप्पट दुप्पट आकडे लिहायचे, लघूंवरचे तेवढे मिळवायचे आणि त्यात एक घालायचा. नात संगणकाकडे वळली, मी कॅलेंडरच्या पाठीवर बेरीज मांडली : ४, १६, ३२, ६४, २५६, ५१२, २०४८. दोघांचे उत्तर एकच आले, २९३३. जुन्या छंदशास्त्राच्या ग्रंथांतही वसंततिलकेचा हाच क्रमांक दिलेला आहे. माझे उत्तर आधी आले, हे मी नम्रपणे नमूद करतो.

जावईबापूंना मी वेगळे काही सांगितले नाही. संध्याकाळी ते मुलीला न्यायला आले तेव्हा तिने तो पेन्सिलीने खोडाखोड केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि न-स-ज-भ पर्यंत जाऊन परत कसे फिरायचे ते समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गोदामात मोठी पातेली, डबे, पिंपे एकात एक बसवताना आम्ही हेच करतो. शेवटचे बसले नाही तर सगळा ढीग मोडत नाही." नंतर थोडे थांबून त्यांनी विचारले, "चाचणी किती तारखेला आहे? त्या दिवशी दुकानातला इंटरनेटचा राऊटर घरी आणून ठेवतो, घरचा मधेच बंद पडतो."

चाचणी तिने दिली. निकाल अजून लागायचा आहे.