विश्लेषण : ‘ऑस्करच्या शर्यतीत’ म्हणजे नेमके कुठे? पुरस्कारांचे अंदाज आधी, चित्रपट नंतर असे का होते?

यावल : १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी रोहन कानवडे दिग्दर्शित ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट देशातील चित्रपटगृहांत लागला. त्याच दिवशी फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या निवड समितीने भारताकडून ऑस्करसाठी नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ पाठवत असल्याचे जाहीर केले. ‘साबर बोंडं’ला जानेवारीतच अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. तेव्हापासून तो पुरस्कारांच्या गप्पांत होता. म्हणजे यावल, फैजपूर, सावद्याच्या प्रेक्षकाला तिकीट काढून हा चित्रपट पाहणे ज्या दिवशी प्रथमच शक्य झाले, त्याच दिवशी त्याच्या ऑस्करवारीची चर्चा संपली. आठ महिने नाव कानावर आणि चित्रपट नजरेआड. हा प्रकार एका चित्रपटापुरता नाही. मोठ्या पुरस्कारांचे अंदाज इतके आधी का बांधले जातात, ‘शर्यतीत’ या शब्दात किती पायऱ्या दडलेल्या असतात आणि या घाईत मराठी चित्रपटाचे काय होते, हे त्यासाठी पाहायला हवे.

अंदाज इतक्या लवकर का सुरू होतात?

ऑस्कर सोहळा साधारण मार्चमध्ये होतो. त्याचा मंडप उतरण्याआधीच पुढील वर्षी कोण जिंकणार याच्या याद्या अमेरिकेतील चित्रपटविषयक नियतकालिके आणि संकेतस्थळांवर झळकू लागतात. यादीतील बहुतेक चित्रपट तेव्हा कोणी पाहिलेले नसतात. काहींचे संकलनही पुरे झालेले नसते. मग अंदाज कशावर? दिग्दर्शकाला आधी काय मिळाले, वितरक कोण, मे महिन्यात कान महोत्सवात जागा मिळेल का, ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये व्हेनिस किंवा टोरांटोत पहिला खेळ होईल का, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे प्रचारावर खर्च करणारा पाठीराखा आहे का, यावर.

भावाचा अंदाज यावल-रावेर पट्ट्यातील केळी उत्पादकही बांधतो. बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे त्याचे कान असतात, उत्तर भारतातील मागणी, थंडी, वादळ या सगळ्याचा तो हिशेब करतो. पण त्याने निदान बागेत जाऊन घड पाहिलेला असतो. मार्चमधले ऑस्करचे अंदाज म्हणजे मृगबागेची लागवड होण्याआधीच कापणीचा भाव सांगणे.

तरीही ते पुष्कळदा खरे ठरतात, आणि खरी गोम इथेच आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार सदस्य दहा हजारांच्या आसपास आहेत. स्पर्धेत शेकडो चित्रपट असतात. सगळे पाहणे कोणालाच शक्य नाही, म्हणून ज्यांची चर्चा जास्त तेच आधी पाहिले जातात. वितरकांना हे ठाऊक असल्याने ते चर्चा घडवून आणतात. अंदाज अचूक ठरतो तो अंदाज करणाऱ्याच्या दृष्टीमुळे कमी आणि त्याच्या अंदाजामुळेच मतदाराचे लक्ष तिकडे वळल्यामुळे जास्त. एखाद्या विभागात अंतिम मत द्यायचे तर त्यातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असणे बंधनकारक, असा नियम अकादमीने २०२५ मध्ये केला. तोवर न पाहताही मत देता येत होते, ही बाब पुरेशी बोलकी आहे. शिवाय हा नियम अंतिम फेरीचा. चर्चेची चाळणी लागते ती त्याच्या कितीतरी आधी.

‘शर्यतीत’ म्हणजे नेमक्या कोणत्या पायरीवर?

मोबाइलवर येणाऱ्या बातम्यांत ‘ऑस्करच्या शर्यतीत’, ‘ऑस्करवारी’, ‘ऑस्करमध्ये एंट्री’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते.

सर्वात खालची पायरी म्हणजे फिल्म फेडरेशनकडे अर्ज. निर्माता शुल्क भरून आपला चित्रपट समितीपुढे ठेवतो. २०२४ मध्ये असे २९ आणि २०२५ मध्ये २४ चित्रपट होते. या यादीत नाव असणे म्हणजे निर्मात्याने अर्ज केला, एवढेच. त्यात गैर काही नाही, पण तो सन्मानही नाही. यातून एक चित्रपट भारताची अधिकृत प्रवेशिका ठरतो आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात ऐंशीहून अधिक देशांच्या चित्रपटांसोबत उभा राहतो. डिसेंबरमध्ये त्यातून १५ निवडले जातात, जानेवारीत ५. ‘नामांकन’ हा शब्द फक्त या पाचांसाठी खरा आहे. आजवर या विभागात भारताच्या तीनच चित्रपटांना ते मिळाले : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. ‘लगान’लाही आता दोन तपे उलटून गेली. ‘होमबाउंड’ने १५ पर्यंत मजल मारली, पाचांत तो आला नाही.

दुसरा रस्ता याहून फसवा आहे. कोणत्याही देशाचा चित्रपट अमेरिकेतील ठरावीक सहा महानगर परिसरांपैकी एका ठिकाणी सलग ७ दिवस चित्रपटगृहात दाखवला आणि कागदपत्रे वेळेत दिली, तर तो सर्वसाधारण विभागांसाठी पात्र ठरतो. अकादमी दरवर्षी जानेवारीत अशा पात्र चित्रपटांची यादी काढते. जानेवारी २०२५ च्या यादीत ३२३ चित्रपट होते. त्यांपैकी २०७ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागासाठी पात्र होते. तमिळ ‘कंगुवा’ तिकीटबारीवर आपटला होता, पण तोही या यादीत होता. मग काय, ‘कंगुवा ऑस्करच्या शर्यतीत’ या मथळ्याने देशभर धुमाकूळ घातला. ही पात्रता म्हणजे परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणे. प्रवेशपत्र मिळाले म्हणून पेढे वाटणारे घर यावलमध्ये शोधून सापडणार नाही.

कधी गोंधळ याहून पुढे जातो. २०२४ मध्ये ‘स्वातंत्र्यवीर सावरकर’ हा चित्रपट अधिकृतपणे ऑस्करला पाठवला गेल्याचे निर्मात्यांकडून सांगण्यात आले आणि अभिनंदनाचे संदेश फिरू लागले. फेडरेशनने ते नाकारले; त्या वर्षीची प्रवेशिका ‘लापता लेडीज’ होती.

आणि त्याच वर्षी जाणकारांचे अंदाजही सपशेल चुकले. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मे २०२४ मध्ये कानचे ग्रां प्री मिळाले, तेव्हा भारताकडून हाच जाणार असे अनेकांनी धरून चालले होते. समितीने ‘लापता लेडीज’ निवडला. तो १५ मध्येही आला नाही. कपाडियांच्या चित्रपटाला गोल्डन ग्लोबची दोन नामांकने मिळाली, ऑस्करचे एकही नाही. दोन्ही बाजूंचे समर्थक महिनोन्महिने समाजमाध्यमांवर भांडत राहिले. या दोन्ही चित्रपटांत छाया कदम या मराठी अभिनेत्रीची ठसठशीत भूमिका आहे, ही मराठी प्रेक्षकासाठी खरी बातमी. तिला त्या भांडणात फारशी जागा मिळाली नाही.

मराठी चित्रपटाला या चर्चेचा फायदा होतो का?

होतो, पण वेळ जुळली तर. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हे त्याचे चांगले उदाहरण. २०१४ मध्ये व्हेनिसमध्ये त्याचे कौतुक झाले, २४ मार्च २०१५ ला राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि १७ एप्रिलला तो चित्रपटगृहांत आला. बातमी आणि तिकीट यांत महिन्याचेही अंतर नव्हते. नावाजलेले तारे नव्हते. तरी लोक तो पाहायला गेले. त्याच वर्षी तो भारताची प्रवेशिकाही झाला.

उलट उदाहरण दादासाहेब फाळक्यांवरील ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चे. परेश मोकाशी यांच्या या चित्रपटाची निवड २००९ च्या सप्टेंबरमध्ये झाली. महाराष्ट्रात तो सर्वत्र लागला जानेवारी २०१० च्या अखेरीस. तोवर ऑस्करमधील त्याचा प्रवास आटोपला होता. चित्रपट इतका गोड होता की तो स्वतःच्या बळावर चालला, हा भाग वेगळा.

‘श्वास’ची गोष्ट आणखी निराळी. संदीप सावंत यांच्या या चित्रपटाची २००४ मध्ये निवड झाली आणि अमेरिकेत प्रचार करायला पैसेच नाहीत, हे उघड झाले. शाळकरी मुलांपासून अनेकांनी निधीला हातभार लावला. नामांकन मिळाले नाही. तरीही ती चर्चा वाया गेली असे म्हणता येणार नाही, कारण लोकांनी चित्रपट पाहिला होता आणि म्हणूनच पैसे दिले होते. आजच्या अंदाजांच्या बाजारात हा क्रम उलटला आहे. आधी अभिमान बाळगायचा, चित्रपट जमल्यास पाहायचा.

राष्ट्रीय पुरस्कारांचा प्रश्न वेगळा कसा?

तेथे घाई नाही; तेथे उशीर आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत नामांकनांची यादी नसते, जाहिरातींचा मारा नसतो, थेट निकाल लागतो. पण केव्हा? २०२३ या वर्षाचे पुरस्कार १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. हा चित्रपट १० नोव्हेंबर २०२३ ला प्रदर्शित झाला होता. ‘नाळ २’ला बालचित्रपटाचा आणि आशिष बेंडे यांना ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी पदार्पणातील दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही हे चित्रपट पडद्यावरून केव्हाच उतरलेले होते.

‘श्यामची आई’च्या बाबतीत खान्देशाला हे अधिक लागायला हवे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, त्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. त्यांच्या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या १९५३ च्या चित्रपटाला १९५४ मध्ये देशातील पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. म्हणजे राष्ट्रीय पुरस्कारांचा इतिहासच या पुस्तकापासून सुरू होतो. सत्तर वर्षांनी त्याच कथेवरील नव्या चित्रपटाला पुन्हा राष्ट्रीय मान मिळाला. त्या आठवड्यात तो फैजपुरात, अमळनेरात मोठ्या पडद्यावर लागायला काय हरकत होती?

मग अडते कुठे?

मराठी चित्रपटाचे भवितव्य पहिल्या दोन शुक्रवारी ठरते. पहिल्या शनिवार-रविवारी गर्दी नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात खेळ कमी होतात किंवा दुपारच्या अवेळी ढकलले जातात. शहरातील प्रेक्षक सोमवारी कौतुक ऐकून मंगळवारी जाऊ शकतो. तालुक्याच्या गावातील कुटुंबाला असा चित्रपट पाहायचा तर बहुधा जळगावची वाट धरावी लागते. रविवारची सुट्टी, बसचे वेळापत्रक, परतीची वेळ हे सगळे जुळेपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. पुरस्काराची बातमी खऱ्या अर्थाने कोणाच्या कामाची असेल तर या प्रेक्षकाच्या. तीच त्याच्यापर्यंत एक तर आठ महिने आधी येते, नाही तर दोन वर्षांनी.

ओटीटीने ही दरी थोडी बुजवली, हे मान्य करावे लागेल. ‘होमबाउंड’ नोव्हेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, त्यामुळे डिसेंबरमध्ये १५ ची यादी लागली तेव्हा ज्याच्याकडे वर्गणी होती त्याला तो हातातल्या फोनवर पाहता आला. पण छोट्या मराठी चित्रपटांना असा मंच मिळेलच याची हमी नसते, आणि वर्गणी प्रत्येकाला परवडते असेही नाही.

अंदाज बंद करा, असे म्हणण्यात अर्थ नाही. पैजा लावणे हा माणसाचा जुना छंद आहे. मात्र दोन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. माध्यमांनी ‘शर्यतीत’ हा शब्द वापरताना पायरी सांगावी : अर्ज, पात्रता, प्रवेशिका, १५ की ५. आणि चित्रपट कधी, कुठे पाहता येईल ही ओळ त्याच बातमीत द्यावी. ती देता येत नसेल तर बातमी थांबली तरी चालते. दुसरी गोष्ट सरकार आणि वितरकांच्या हातातली. राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाल्यावर पंधरा दिवसांत पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटांचे खेळ तालुक्याच्या ठिकाणी लावावेत. चित्रपटगृह नसेल तेथे महाविद्यालयाच्या सभागृहात, माफक तिकिटात. निर्मात्याला त्यातून मोठी कमाई होणार नाही, परंतु त्याच्या पुढच्या चित्रपटासाठी प्रेक्षक तयार होईल. यादी जाहीर होण्याची तारीख सरकारला आधीपासून माहीत असते, त्यामुळे सभागृहाची नोंदणी तरी आधी करून ठेवता येईल.