माजघरांतून : आठवण ठेवावी कोठें?

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनीचें दीर्घ पत्र आलें. त्या लिहितात : "आमचे हे उच्चविद्याविभूषित आहेत, मनानेंही निर्मळ आहेत, परंतु एक काम हातीं घेतलें कीं दुसरें सुचतें, आणि दोन्हीं अर्धवट राहतात. विजेचें बिल राहतें, किल्ल्या हरवतात, मुलाला शाळेंतून आणावयाची वेळ टळते. मामंजी म्हणतात, जबाबदारीची जाणीव नाहीं. सर्व लक्षांत ठेवतां ठेवतां मी थकून गेलें आहें. हा आळस समजूं कीं आणखी कांहीं?"

पत्र वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलें. हीच तक्रार आमच्या घरांत वर्षानुवर्षें नांदली, आणि ती करणाऱ्यांत माझाच आवाज सर्वांत मोठा होता.

आमचे धाकटे भावोजी बुद्धीनें तल्लख. आवडीचें काम मिळालें तर तहानभूक विसरून रात्र रात्र बसतील. त्यामुळें तर आमचा गैरसमज अधिकच दृढ झाला. ज्याला एके ठिकाणीं इतकें लक्ष देतां येतें, त्यानें दुसऱ्या ठिकाणीं न देणें हा हट्टच नव्हे काय? कांहीं वर्षांपूर्वीं सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणण्याचें काम त्यांच्याकडे होतें. एकदां चार दिवस गोळ्या आल्याच नाहींत. रक्तदाब वाढून सासूबाईंना दोन रात्री रुग्णालयांत काढाव्या लागल्या. त्या रात्रीं मी भावोजींना जें बोललें तें येथें लिहवत नाहीं. त्यांनीं एवढेंच उत्तर दिलें : "वहिनी, मला दिवसांतून तीन तीन वेळां आठवत होतें हो. फक्त औषधाच्या दुकानासमोर असतांना आठवलें नाहीं." मला तें निमित्त वाटलें. आज वाटतें, सारें निदान त्या एका वाक्यांत होतें.

पुढल्या वर्षीं त्यांच्या मुलाच्या शाळेंतून सूचना आली, म्हणून त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलें. मुलाविषयीं प्रश्न विचारतां विचारतां डॉक्टर बापालाच प्रश्न विचारूं लागले. शेवटीं दोघांच्याही बाबतींत एकच नांव निघालें : अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजेच एडीएचडी. भावोजी तेव्हां बेचाळीस वर्षांचे होते.

ही कांहीं कालपरवांची टूम नव्हे. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यांनीं १७९८ सालीं अवधान न टिकण्याच्या या विकाराचें वर्णन केलें होतें. १९०२ सालीं जॉर्ज स्टिल यांनीं लंडन येथें अशा मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं. मुलें मोठीं झालीं कीं हा विकार ओसरतो, अशी समजूत पुष्कळ काळ होती. अनेकांच्या बाबतींत ती खरी ठरत नाहीं, हें आतां मान्य झालें आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निदानग्रंथांत प्रौढांसाठीं निकषही थोडे निराळे दिले आहेत. शंभर प्रौढांत सुमारें दोन-तीन जणांस हा त्रास असतो, आणि त्यांत आनुवंशिकतेचा वांटा फार मोठा आहे. दोष बुद्धीचा नाहीं आणि संस्कारांचाही नाहीं. काय करावयाचें तें या माणसांना ठाऊक असतें. तें नेमक्या क्षणीं आठवणें, त्यास आरंभ करणें आणि वेळ किती गेला याचा अंदाज येणें, एवढेंच त्यांना जड जातें. मात्र प्रत्येक विसराळू माणसावर हें लेबल चिकटवूं नये. लक्षणें बालपणापासून असावीं लागतात. अपुरी झोंप, थायरॉईडचे विकार, चिंता किंवा नैराश्य यांनींही लक्ष उडतें. निदान तज्ज्ञांनींच करावें.

औषधें आहेत, तीं बऱ्याच जणांना उपयोगीं पडतात, आणि तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. परंतु औषधानें लक्ष टिकलें तरी किल्ली खुंटीवर आपोआप जात नाहीं. त्यास संवय लागते. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें स्टीव्हन सॅफ्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, औषध घेऊनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवर एक प्रयोग केला. तो २०१० सालीं प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा बैठकींत संवयी व विचार सुधारण्याची पद्धति शिकविली. दुसऱ्याला तितक्याच बैठकींत शरीर सैल सोडण्याचे उपाय व माहिती दिली. पहिल्या गटांत सुधारणा झालेल्यांचें प्रमाण दुसऱ्याच्या सुमारें दुप्पट निघालें. त्या संवयी मोठ्या गहन नाहींत. आमच्या घरीं ज्या रुजल्या त्या सांगतें.

पहिली : एकच वही आणि एकच दिनदर्शिका. चार चिठ्ठ्या, दोन डायऱ्या आणि मोबाइलमधील तीन याद्या, म्हणजे एकही नाहीं. वही जेवणाच्या टेबलावर असते. सकाळच्या चहाबरोबर ती उघडावयाची, असा नेम आहे.

दुसरी : आठवण कामाच्या जागीं ठेवावयाची. गोळ्यांचें रिकामें पाकीट भावोजी आतां स्कूटरच्या किल्लीला रबरानें बांधतात. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर, अन्यत्र कोठेंही नाहीं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें कीं 'अमुक करीन' या संकल्पापेक्षां 'अमुक घडलें कीं तमुक करीन' असा बांधलेला संकल्प अधिक वेळां सिद्धीस जातो. "गोळ्या आणीन" यापेक्षां "कचेरींतून निघालों कीं प्रथम औषधाचें दुकान" हें बरें.

तिसरी : आपलें लक्ष किती मिनिटें टिकतें तें प्रामाणिकपणें मोजावें आणि कामाचे तेवढेच तुकडे पाडावे. भावोजींचीं वीस मिनिटें भरलीं. तेवढा गजर लावून बसतात; मध्येंच दुसरें कांहीं सुचलें तर तें शेजारच्या कागदावर टिपून पुन्हां हातच्या कामाकडे वळतात.

चौथी : कंटाळवाणें काम एकट्यानें करूं नये. रविवारीं सकाळीं मी मेथी निवडावयास बसतें आणि समोर ते बिलें भरतात. मी सांगत नाहीं, विचारीत नाहीं. केवळ समोर असतें. एकत्र कुटुंबाचा हा लाभ आहे. तो आपण उपदेशांत दवडतों.

पांचवी : झोंपेची वेळ ठरलेली, मोबाइल शयनगृहाबाहेर, आणि सकाळीं घाम येईल इतकें चालणें. हें साऱ्यांनाच हितकर. परंतु ज्याचें लक्ष मुळांतच चंचल, त्याला एका रात्रीचें जागरण फार महाग पडतें.

आतां आपल्याविषयीं. त्या रुग्णालयाच्या प्रसंगानंतर आम्ही भावोजींकडून एकेक काम काढून घेतलें होतें. आम्हांस तें शहाणपण वाटलें. ते मात्र स्वतःच्याच घरांत पाहुण्यासारखे वावरूं लागले, जेवतांना बोलेनासे झाले. निदान झाल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "तुझे मामंजीही असेच होते ग. त्यांच्या किल्ल्या, त्यांच्या तारखा चाळीस वर्षें मी पदराला बांधल्या. कोणाला कळलेंच नाहीं." त्या क्षणीं मला दोन गोष्टी उमगल्या. असे पुरुष मागल्या पिढ्यांतही होते. आणि त्यांची स्मरणशक्ति म्हणून एक बाई आयुष्यभर राबत होती. विसराळू स्त्रीला तर तोही आधार नव्हता. तिला केवळ 'वेंधळी' ही पदवी मिळे.

म्हणून, भगिनी, तुमच्या प्रश्नाचें माझें उत्तर असें : आळस म्हणूं नका, तज्ज्ञांना दाखवा, परंतु त्यांची आठवण तुमच्या डोक्यांतही ठेवूं नका. ती भिंतीला, खुंटीला, वहीला द्या. आणि काम त्यांच्याकडून काढून घेऊं नका.

सासूबाईंच्या गोळ्या आज पुन्हां भावोजीच आणतात. गेल्या श्रावणांत ते एकदां विसरले. पण दहा दिवसांच्या जादा गोळ्या डब्यांत ठेवण्याचें त्यांनींच ठरविलें होतें, त्यामुळें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं नव्या गोळ्या आणून डबा भरला, वहींत खूण केली, आणि माझ्याकडे पाहिलें. मी कांहीं बोललें नाहीं. ही संवय लावून घेणें मलाच सर्वांत कठीण गेलें.